झाकणाखालचे चाळीस रुपये

अमळनेरात मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेलं
तर माणूस नाचतच जिना उतरतो.
म्हणून यंदा गच्चीला पांढरा रंग,
ऊन आल्या वाटेनं परत पाठवणारा.
दहा लिटरचे सात डबे.

डब्यावर गॉगल घातलेला सूर्य, त्याच्या पायाशी मुंगीच्या अक्षरांत:
प्रत्येक डब्यामागे दीडशे रुपये परत.
बारकोड कापा, बिल जोडा, तीस दिवसांत पाठवा.
मुंगीची अक्षरं मी वाचते.
पतपेढीत रोखपाल आहे,
एकोणीस वर्षं लोकांना सांगतेय,
इथे सही, इथे नाही, इथे.

सात गुणिले दीडशे.
हजार पन्नास.
मोरीचा नळ बदलून होईल, वर पन्नास उरतील.

रंगवायला युनूस पिंजारी.
त्याचा आजा गावोगाव कापूस पिंजायचा,
दाढीत, भुवयांत पांढरं घेऊन घरी यायचा.
युनूसही तसाच जातो, फक्त त्याचं पांढरं
केरोसिननं काढावं लागतं.

तिसऱ्या डब्याला मला दिसलं.
झाकण उघडलं की तो आतून काहीतरी सोलतो,
विजारीला पुसतो, खिशात टाकतो.
मी काही बोलले नाही.
चौथ्यालाही नाही.
पाचव्याला मात्र चहा घेऊन वर गेले
आणि कप त्याच्या हातात द्यायच्या आधीच विचारलं.

तो दचकला नाही.
पाच कुपनं काढून कठड्यावर मांडली,
वारा तापलेला होता म्हणून वर पत्रा ठेवला, लांबी भरायचा.
"घर तुम्हनं, डबा तुम्हना," म्हणाला,
"कूपन बी तुम्हनंच समजा, ताई."
आणि ब्रश घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेला.

चहा कठड्यावर राहिला. साय धरली.

मी खाली येऊन एक कूपन खरवडलं, फोन धरला.
पडद्यावर आलं: चाळीस रुपये.
खाली लाल अक्षरांत:
फक्त नोंदणीकृत रंगाऱ्यांसाठी.
म्हणजे हे मुळात त्याचंच.
म्हणजे कंपनीलाही ठाऊक होतं
की गच्चीवर शेवटी कोण उभं असतं.

असो. माझे हजार पन्नास तर होते.
सुरीनं बारकोड कापले, पाकीट केलं,
बिल काढलं.

बिल.
वहीच्या अर्ध्या पानावर कांतीशेठच्या हातचं,
रंग ७ नग, खाली आकडा, खाली एक गिचमीड.
ना शिक्का, ना नंबर.
आठवलं, मीच तर म्हणाले होते,
पक्कं नको, काय कमी होतं ते सांगा.
सातशे कमी झाले होते.
किती खुशीत रिक्षात बसले होते मी,
सात डबे आणि सातशे रुपये मांडीवर घेऊन.

हजार पन्नासातून सातशे वजा.
बिनशिक्क्याची स्लिप काउंटरवरून परत सरकवणारी मी
स्वतःच्याच टेबलावर
स्वतःचीच स्लिप स्वतःकडे सरकवली.

संध्याकाळी युनूसची लेक आली, समिना, नववीतली.
त्याचं खातं तिच्या फोनवर.
भराभर खरवडलं तिनं,
चाळीस, चाळीस, चाळीस,
मी आधीच खरवडलेलं एक पाहून माझ्याकडे बघितलं
आणि तेही गपचूप लावलं.
सात झाले तेव्हा म्हणाली, अब्बा, दोनशे ऐंशी.
तो म्हणाला, "बरफ लई जाऊत."
मी बिलाची गोष्ट सांगितली. सांगायची नव्हती.
तो हसला नाही. ती हसली.
मग मी पण.

आता गच्चीवर दुपारी दोनला पाय ठेवता येतो.
पळत नाही, नुसती उभी राहते.
एक झाकण मी ठेवून घेतलंय, माठावर बसतं.
त्याच्या आतल्या बाजूला एक गोल आहे
जिथे रंग लागलाच नाही.
पाणी घेताना दर वेळी तो वर येतो,
नाण्याएवढा, कोरडा.